शून्याच्या खाली

इनारी तळ्याच्या काठावर उणे एकोणीस.
छतावरच्या पॅनेलवर ऊन लख्ख,
आणि बॅटरी हटून बसलेली.
दिवा लावा, लागेल.
भरू म्हणाल, तर नाही.
गारठ्यात ती देते, घेत मात्र नाही.

आह्तीने तिला बाहेरच्या कप्प्यातून काढली,
पलंगाखाली आणली,
तूलिक्कीचा लोकरी स्वेटर गुंडाळला,
कोपराशी रफू केलेला.
"माझाच बरा सापडला," ती म्हणाली.

मग दोघं थर्मामीटरकडे बघत बसली
तापातल्या पोराच्या उशाशी बसावं तशी,
फक्त उलटं,
चढू दे, चढू दे म्हणत.

एक. दोन.
तीनवर कुठे
चार्जरचा हिरवा ठिपका लागला.

"राहू दे स्वेटर तिथेच," ती म्हणाली,
आणि आपले गार हात
त्याच्या काखेत खुपसले.