बुरोंडीच्या ट्रॅक्टरला दोन बटणं

आमच्या ट्रॅक्टरने नांगर पाहिलेला नाही.
तो होड्या ओढतो.
समुद्र खवळला की वर, निवळला की खाली,
होडीमागे दोनशे रुपये
आणि म्हावऱ्यातला वाटा, आठवण राहिली तर.

मागे उजेड हवा होता.
पहाटे चारला दोरखंड कुठे, माणूस कुठे, कळत नाही.
गेल्या शिमग्याआधी नारायण रघुवीरचा अंगठा
कडीत सापडला.
थांब गो, थांब, ही त्याची हाक
मी अजून क्लचवर पाय ठेवताना ऐकते.

म्हणून एक बटण दिव्याला.
एक पंपाला, चाकांवरचं खारं धुवायला.

डॅशबोर्डवर दोन चौकटी होत्याच,
काळ्या झाकणांनी बुजवलेल्या.
पहिलं झाकण उचकटलं
तर आत वायर आलेली.
टोकाला दुधी रंगाचा प्लग, तोंड उघडं,
समोर कोणी नाही.
सात वर्षं तसाच.
महागातल्या ट्रॅक्टरची वायर स्वस्तातल्यालाही घालतो,
शोरूमवाला म्हणाला, वेगळी करणं परवडत नाही.
फक्त बटण देत नाही.

आणि याचा जोडीदार?
सुटा येत नाही ताई. पूर्ण हार्नेस घ्या. अकरा हजार.

चार खाचा. उजव्या अंगाला नखाएवढा दात.
तांदळाच्या उकडीचा गोळा दाबून ठसा घेतला,
डब्यात घालून दापोलीला नेला.
एसटी उतरेपर्यंत त्याला तडे गेले होते
पण दात शाबूत होता.

रिक्षाच्या प्लगला तीन खाचा.
स्कूटरच्या प्लगला चार, पण दात डावीकडे.
इन्व्हर्टरवाल्याने ठसा हुंगून पाहिला, हसला.
एकजण म्हणाला, कापा, पिळा, टेप मारा, झालं.
झालं कसं?
आमच्याकडे वारा टेपच्या आत शिरतो,
पंधरा दिवसांत तांब्याचा मोरचूद होतो,
मग दिवा लागतो तो कुणाच्या तरी अंगठ्यानंतर.

खेडला गफूर हमदुल्यांचं भंगार.
पुरात बुडालेल्या गाड्यांचे कापलेले प्लग
त्यांनी गोणीभर ओतले पुढ्यात,
बसायला उपडा क्रेट दिला.
मी तांदूळ निवडल्यासारखी निवडत बसले.
दुपारची अजान झाली. चहा आला.
पुढची अजान झाली.
प्लगांतून अजून गाळ निघत होता, वाळलेला, मऊ,
फुंकला की नाकात नदी.

टक्क.

बोटांना आधी कळलं, कानाला नंतर.
कुठल्या गाडीचा? मी विचारलं.
हमदुल्यांनी वायरचा रंग पाहिला, कोपऱ्याकडे हनुवटी केली.
शाळेची व्हॅन. पिवळी.
काचेच्या आत अजून एक रबरबँड लटकत होता.
पन्नास रुपये, म्हणाले,
मग म्हणाले, दोन ने, दुसरापण असेल तिच्यातच.

घरी येऊन कळलं, जुळतं ते फक्त तोंड.
आत लाल समोर हिरवी, काळी समोर काहीच नाही.
अंबाड्याचा आकडा सरळ करून
एकेक पिन मागून ढकलली,
काढली, फिरवली, पुन्हा बसवली.
आकडा गेला. दोन नखं गेली.
भाऊ जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे,
त्याला फोटो पाठवला.
नवव्या दिवशी कुठल्याशा बंदरातून उत्तर आलं:
फ्यूज लावलास का?
लावला होता. तेवढं तो घरी असताना शिकले होते.

आता पहाटे मागे उजेड पडतो.
ओली वाळू, दोर, कडी,
आणि नारायणाचे दोन्ही हात, त्यातला एक
जरा लांब धरलेला.

दुसरं बटणही बसवलंय.
पंप अजून घेतलेला नाही; पुढच्या हंगामात बघू.
वायर मागे चाकापर्यंत गेलीय, टोकाला टोपण.
पुतणी मांडीवर बसली की तेच दाबते.
यानं काय होतं गो आत्या?
मी म्हणते, ऐक.
ती कान लावते.
टक्क.