पाच लाख चोवीस हजार दोनशे एकोणनव्वद

पुंता आरेनासला ऑगस्टात
आठ वाजता जेमतेम उजाडतं,
आणि सामुद्रधुनीवरचा वारा दाराच्या फटीतून
आत येऊन विचारतो, कोण आहे घरात.

आमचा राउटर लोकरीच्या जुन्या गोदामात आहे.
भिंतींना अजून मेंढीचा वास येतो,
ओल धरली की जास्तच.
घेतला तेव्हा सान्तियागोचा विक्रेता म्हणाला होता,
"सेन्योरा बार्रिया, तुम्ही निवृत्त व्हाल,
याची जागा संपायची नाही."
तेव्हा जगात वाटा होत्या एक लाख नव्वद हजार.
मी सही केली.
त्यानं दिलेलं पेन अजून चालतं.

वाटा वाढतात कशा?
एक मोठं रान असतं, एकाच नावावर.
मग भाऊ वेगळे होतात.
प्रत्येकाला आपला बांध हवा, बांधावर आपली पाटी हवी,
आणि ती पाटी आम्हाला पाठ हवी,
इथं, जगाच्या टोकाला.
सोलमधला कुणी आपल्या वाट्याचे चार तुकडे करतो,
लागोसची एखादी बँक म्हणते, माझं दार वेगळं लिहा.
पाटी लावणं फुकट.
डोकं भरतं ते वाचणाऱ्याचं.

पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी.
एवढेच खण.
त्यानंतर जी आली ती कुणाची, मला आजही माहीत नाही.
कुठलीशी शाळा असेल,
कुणाचं नवं दुकान.
राउटरनं तिला हाकललं नाही;
जे मुखोद्गत होतं ते सोडून
तो बोटांवर मोजू लागला.

पंखे किंचाळायला लागले.
खेकड्याच्या कारखान्यातून फोन, बिलं जात नाहीत.
दवाखान्यातून फोन.
मग दोन्या इर्मा, जिचा मुलगा स्प्लिटला गोदीत काम करतो:
"नेल्दा, तो मला अर्धीच हाक मारतोय गं."

खण नव्हते असं नाही.
उद्याच्या लांबलचक पत्त्यांसाठी राखून ठेवले होते,
रिकामे, पाहुण्यांच्या खोलीसारखे.
त्यातले थोडे आजच्यांना देता येतात.
अट एकच:
जास्त लक्षात ठेवायचं, तर आधी
सगळं विसरायचं.

येर्को उंबऱ्यात उभा होता, कानटोपी न काढता.
"या गावातून बाहेर पडायच्या वाटा किती?"
दोन, मी म्हटलं.
एक आर्जेन्तिनाच्या माळावरून,
एक मनोऱ्यामनोऱ्यांवरून उड्या मारत, बेटांवरून.
"मग पाच लाख कशाला पाठ करतो आपण?"

मला राग आला.
आठ वर्षं आमच्या पाटीवर लिहिलंय,
आमच्याकडे सगळं जग आहे.
बावीस वर्षांचं पोरगं,
त्याचं बरोबर असणं मला सहन होईना.

बटण दाबलं.
अकरा मिनिटं.
गोदामात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती,
नुसतं पत्र्याचं हलणं,
आणि येर्को नाक ओढतो ते.
मग एक हिरवा दिवा,
आणि यंत्र उठून शेजाऱ्यांना विचारू लागलं,
ओळखता का मला, कुठून कुठं जाता येतं.
ते सांगायला लागले, न थांबता,
पहिल्या लाखातच मी त्यांना थोपवलं.

लिहिली एकच ओळ:
जे ठाऊक नाही, ते उत्तरेला.

पंखे खाली आले.
इर्माचा फोन आला नाही, म्हणजे बरं असावं.
पाटी आम्ही बदलली नाही.

घरी जाताना चौकात एका पर्यटकानं विचारलं,
पोर्वेनीरची बोट कुठून सुटते?
मला येत होतं.
बोटीच्या वेळासुद्धा.
तरी म्हटलं, असं सरळ जा,
धक्क्यावर एक माणूस असतो,
त्याला विचारा.