खरं

शहापुरात, खडेबाजारच्या आतल्या बोळात
माझं डीटीपीचं दुकान.
लग्नपत्रिका, बारशाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फलक,
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक, नियमाप्रमाणे.
दिवसा हे.
रात्री शटर अर्धं ओढून
मी पुस्तकांवर अभिप्राय लिहितो.
एकाला बारा रुपये,
पुस्तकाचा फोटो जोडला तर पंधरा.

पुण्याचे कोणी रोहिणीकांत सर काम देतात.
मी त्यांना पाहिलेलं नाही,
त्यांनी मला नाही,
आणि पुस्तकाच्या आत आम्ही दोघांनीही.
नमुना प्रत आलीय.
पंख्यानं उडणाऱ्या बटरपेपरवर ठेवायला बरी.

सर फोनवर शिकवतात:
सगळ्यांचे पाच तारे नकोत, मधे एक चार घाला.
बांधणी सैल म्हणा, पार्सल उशिरा आलं म्हणा,
तक्रार केली की माणूस जिवंत वाटतो.
आणि ते तुमचं 'खरं' काढा हो.
"सुरुवात संथ आहे, खरं नंतर पकड घेते" –
इकडे कुणाला कळणार? तिथं 'पण' घाला.
घातला.
बेळगावात जन्म गेला, 'पण' कधी तोंडात बसला नाही,
खरं बारा रुपयांत बसला.

नावांची पंचाईत नव्हती.
संगणकात अकरा वर्षांची नावं साठलेली.
पत्रिकेतल्या करवल्या घेतल्या,
'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'मधली
दोन पोरं घेतली, मोठी करून.
ती संपली तेव्हा फलकांकडे वळलो.
नावाआधीचं 'कै.' खोडलं
की माणूस उठतो, चष्मा पुसतो
आणि लिहितो: एका बैठकीत वाचून काढलं.

तशीच शेवंताकाकू उठली.
शेवंता परशराम धामणेकर, वडगाव.
आयुष्य मागावर गेलं.
रेशनकार्डावर अंगठा, बँकेत अंगठा,
आई बाळंतपणाला गेलेली तेव्हा
माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकावरही
तिचाच निळा अंगठा.
जन्मभर 'मी येतो, मी जातो' म्हणायची,
आमच्याकडच्या बायका म्हणतात तशी.
अभिप्रायात मात्र म्हणाली:
"हे पुस्तक मी उशाशी ठेवते."
अक्षर येत नव्हतं तिला,
खरं तिनं पाच तारे दिले.
नऊ जणांना ते उपयोगी वाटलं.

परवा त्याखाली कुणीतरी लिहिलं.
सुनंदा कोरीशेट्टी, संकेश्वर.
एकेक अक्षर शोधून दाबलेलं दिसत होतं.

"शेवंता, तू वडगावच्या विष्णू गल्लीतली काय?
मी सुनी.
तिसरीत तुला शाळेतून काढून मागावर बसवलं
आणि तुझी पाटी माझ्याकडं राहिली.
मी पुढं मास्तरीण झालो, छत्तीस वर्षं शिकवलो,
खरं तुला शिकवायचं राहिलं, ते जिवाला लागून होतं.
कधी शिकलीस ग?
कोण शिकवलं?
तू सांगितलीस म्हणून पुस्तक मागवलो.
मला काय ते आवडलं नाही,
खरं तू वाचलीस, तेवढं बास."

दोन दिवस झाले.
सर म्हणतात, उत्तर द्या,
संवाद दिसला की विक्री वाढते.
उत्तराचे वेगळे पाच.

पाटी अजून आहे का, एवढंच विचारावंसं वाटतं.
बाहेर शटरवर कुणी टकटक करतंय,
"अण्णा, फ्लेक्स रेडी आतेन्री?"
उद्या बारावं आहे त्यांच्याकडे.
'बाई, काकू गेली' लिहिलं, खोडलं.
'हो, मीच ती' लिहिलं, खोडलं.
आता चौकटीत एकच शब्द उरलाय,

खरं

आणि आमच्या भागात हा शब्द आला
की ऐकणारा थांबून राहतो.
पुढचं अजून यायचं असतं.