दहा मेगाहर्ट्झ

धान्याच्या कोठारावर, एकशे चाळीस फुटांवर,
वारा आधी कानात शिरतो, मग बाहीत,
मग विचारतो, काय काम काढलंस?
मी त्याला रेडिओ दाखवते.
पांढरा, पोळपाटाएवढा.

खाली नेब्रास्का, म्हणजे गवत,
गवतापलीकडे गवत,
आणि त्यात सांडलेल्या मिठासारखी घरं, दोनशे बारा,
ज्यांची बिलं माझी नणंद लिबी
अजून हातानं लिहिते.

नऊ वर्षं आम्ही फुकटच्या हवेवर काढली.
फुकटची हवा म्हणजे गावजेवण.
येईल तो पंगतीत बसतो:
बाळाच्या खोलीतला कॅमेरा,
शेताला पाणी देणाऱ्या यंत्राचा डोळा,
तालुक्याच्या गावातून आलेला नवा धंदेवाला, त्याचा आवाज सर्वांत मोठा,
आणि शेवटी कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.
संध्याकाळी सातला फोन सुरू व्हायचे.
चित्र गोठलंय. मुलीचा पेपर अर्ध्यावर अडकलाय.
हॅरोल्ड ब्लाहाची बोली तर पोचलीच नाही,
सात सेकंदांत त्याचा बैल दुसऱ्याचा झाला.

मग सरकारनं हवा विकायला काढली.
काउंटीवार, पट्ट्यापट्ट्यांनी.
या लिलावाला हातोडा नव्हता, घोड्यांचा वास नव्हता,
नुसता पडदा, आणि फेऱ्या.
लिबीच्या स्वयंपाकघरात आम्ही बसून होतो.
एका बाजूला नव्या ट्रकसाठी साठवलेले पैसे,
दुसऱ्या बाजूला असं काहीतरी
जे बँकेतल्या माणसाला दाखवताही आलं नव्हतं.
एकतिसाव्या फेरीला समोरचा थांबला.
समोरचा कोण, कळलं नाही.
आमचं गाव त्याला नकाशावरचा ओरखडा वाटलं असेल.
लिबी म्हणाली, झाली का आपली?
झाली. दहा मेगाहर्ट्झ, दहा वर्षं.
तिनं खिडकीबाहेर पाहिलं,
नवं घेतलेलं जनावर कुठं बांधलंय ते पाहतात तसं.

शेजारची काउंटी मात्र गेली.
ज्यांनी घेतली त्यांनी तिथं आजवर
एक खांब रोवलेला नाही.
हवा पडीक आहे.
पडीक जमिनीत निदान काटे तरी उगवतात.

आणि सीमेच्या रस्त्यापलीकडे, कोठारावरून छप्पर दिसेल इतक्या जवळ,
विल्मा पोस्पिशिल राहते.
गेल्या वर्षी तिच्या छातीत एक यंत्र बसवलं.
रोज रात्री ते दोनशे मैलांवरच्या दवाखान्याला
काहीतरी कळवू पाहतं.
कायदा म्हणतो, तिच्या घराकडे बोट दाखवा हवं तर,
लहर पाठवू नका.
त्या बाजूचा अँटेना मीच तीन अंश खाली वाकवला,
ताकद उतरवली.
कुणाला तरी मान खाली घालायला लावल्यासारखं वाटलं,
आणि तो कुणी म्हणजे मीच होते बहुतेक.

ऑक्टोबरात लिबीचा नवरा एमिल जेवता जेवता म्हणाला,
हवा त्यांची ना? रस्त्याखालचं भोक तर नाही त्यांचं.

गुरं पलीकडे न्यायला जुन्या लोकांनी टाकलेला
काँक्रीटचा नळा, कमरेएवढा.
गाई अजून जातात त्यातून,
काउंटी बदलली हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

अलीकडच्या कुंपणाच्या खांबावर आम्ही एक रेडिओ लावला
आणि तिथून तार घेऊन मी आत शिरले,
शेणातून, जाळ्यांतून, ओणवी.
मध्यावर पोचले तेव्हा डोक्यावरून एक ट्रक गेला,
आणि त्या थरथरीत मला वाटलं,
वर चढणं सोपं होतं.

विल्मानं दिवा हिरवा होताना पाहिला.
म्हणाली, भाडं कुणाला द्यायचं?
हवेला की गाईंना?

लिबीनं वहीत नवी ओळ आखली. दोनशे तेरा.
पत्त्याच्या रकान्यात
कुठली काउंटी लिहायची, यावर ती पेन्सिल चावत बसली आहे.