नदीपलीकडचा दर

आमच्या टेलिफोन सहकारी संस्थेच्या काउंटरवर
काचेखाली एक नकाशा आहे, कॉफीचे डाग पडलेला.
त्यातली लाल रेघ नदीच्या मधोमध जाते.
रेघेच्या अलीकडे बोलणं फुकट,
चाळीस मैलांवरच्या ग्रॅनलंडलासुद्धा,
जिथे थोरा एंगेब्रेट्सनच्या ओळखीचं कुणी उरलेलं नाही.
दातांचा डॉक्टर होता, तोही गेला.
रेघेपलीकडे दिवसा मिनिटाला बावीस सेंट, रात्री चौदा.
पलीकडे तिची बहीण राहते. सिग्ने.
तिच्या स्वयंपाकघरातला दिवा
बीटाच्या शेतावरून इकडे दिसतो.

एकोणीस वर्षं मी हेच समजावत आलेय:
राज्य बदलतं, कंपनी बदलते, म्हणून.
"नदी तर तीच आहे ना," थोरा म्हणायची,
"आणि मासे काही विचारून येत नाहीत."

मग दोघींनी आपली आपलीच योजना काढली.
एक रिंग: उठले.
दोन: आर्नला रात्रभर झोप नाही.
तीन: ये.
उचलायचं नाही. न उचललेल्याचं बिल होत नाही.
महिन्यामागून महिने तिचं पान कोरं निघायचं
आणि पाकिटात सरकवताना उगाच
मी ते कानाजवळ नेऊन बघायचे.

पुढे मुख्य कचेरीनं विस्तारित क्षेत्र आणलं:
महिना तीन डॉलर जादा, नदीपार मनसोक्त.
थोरानं पत्रकाची घडी घातली, परत दिलं.
"मनसोक्त पुरेल इतकं आहे कुणाकडे?"

एप्रिलमध्ये बर्फ फुटला.
पाणी शेतांत पसरलं, पूल बंद झाला.
मेच्या बिलावर एकच ओळ:
तेरा एप्रिल, पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.
एकेचाळीस मिनिटं.

तीन रिंगा झाल्या असणार,
आणि येता येत नव्हतं, म्हणून तिकडे उचलला गेला.
मी ती ओळ खोडू शकले असते.
खोडली नाही.

थोरा आली ती आर्नचा कोट घालून,
बाह्या दुमडलेल्या.
"फार बोललो नाही आम्ही," ती म्हणाली.
"बराच वेळ नुसता धरूनच होतो.
त्याचेही लागतात?"
लागतात, मी म्हटलं. तोच दर.
तिनं पाच डॉलर चौऱ्याहत्तर सेंट मोजून ठेवले,
सेंट नकाशावरच, एकावर एक.
मग पर्समध्ये चष्मा शोधत विचारलं,
ते तीनवालं काय होतं गं,
अजून आहे का.