तीन ओळींत खुलासा

लेखापरीक्षणाचा आक्षेप क्रमांक सतरा :
‘औषधे’ या शीर्षाखाली
अंड्यांचं देयक पारित कसं झालं?
खुलासा तीन ओळींत द्यावा.
खाली तीन रेघा आखून दिल्यात.
रेघा तशा लांब आहेत, हे मान्य.

पण साहेब, हे जानेवारीत सुरू झालं.
कोकण भवनाची लिफ्ट बंद होती,
परिपत्रक जिन्याने चौथ्या मजल्यावर आलं,
हसुराम म्हात्र्यांच्या हातात, धापा टाकत :
राज्याची आवक अपेक्षेहून कमी,
सर्व शीर्षांवर सरसकट तेहतीस टक्के कपात,
औषधे वगळून.

मंदीचं आम्हाला आधीच कळलं होतं.
उलव्याचे टॉवर रात्री अर्धे काळे,
तळोज्यात तिसरी पाळी बंद,
दस्त नोंदणीच्या खोलीत टोकनचा आकडा
दुपार झाली तरी अकराच्या पुढे सरकेना.
मुद्रांक शुल्कच आलं नाही तर
सरकार तरी पगार कुठून करणार,
हे मलाही समजतं. मी लेखाधिकारी आहे.

नावीन्यपूर्ण उपाय सुचवा, असं पत्र आलं.
आम्ही रद्दी विकली : चार हजार दोनशे बारा.
जुनी अँबॅसिडर लिलावात काढली,
बोलीला एकच माणूस आला,
टायरला लाथ मारून परत गेला.
कागद पाठपोट वापरा, असं कुणी सुचवलं.
त्या सूचनेच्या अकरा प्रती निघाल्या,
सगळ्या एकाच बाजूला छापलेल्या.

सरसकट.
पडद्यांवर तेहतीस टक्के, म्हणजे दोन खिडक्या उघड्या.
डिझेलवर तेहतीस टक्के, म्हणजे एक दौरा रद्द,
किंवा रद्द नाहीच, पुरवणी मागणी.
शहापूरच्या आश्रमशाळेत मुली दोनशे चौदा,
आठवड्याला प्रत्येकी तीन अंडी.
तिनातून एक गेलं.
गणित इतकं सुबक सुटलं
की माझी पेन्सिल थांबली.

हसुराम माझ्यामागे उभे होते, सहीच्या फाइली घेऊन.
म्हणाले, मॅडम, ही बिल्डिंग हाय ना, तिथं आमची खाजण होती.
उधाणाच्या राती बांद फुटला का अख्खा गाव चिखल घेऊन धावं.
पन सगलीकडं सारखा चिखल नाय टाकीत.
पानी जिथून शिरतंय, तिथं आधी.
आनि ज्याचे घरान भात जास्त,
त्यानं दोन पाट्या जास्त टाकायच्या.
मी विचारलं, कुणी टाकल्या नाहीत तर?
ते हसले. उघाडीकडं बोट दाखवावं तसं
साहेबांच्या दालनाकडे बघून हसले,
फाइली ठेवून गेले.
त्यांच्या साडेबारा टक्के भूखंडाची फाइल
अजून कुठल्याशा टेबलावर आहे.

त्याच दिवशी मी शहापूरला फोन लावला.
डॉक्टर सायमा फकींनी मुलींचं रक्त तपासलेलं होतं :
हिमोग्लोबिन आठ, साडेआठ, एकीचं सात.
म्हटलं, चिठ्ठीवर लिहाल का?
त्या जरा गप्प राहिल्या.
मग लिहिलं, दोनशे चौदा वेळा, हाताने :
अंडे एक, आठवड्यातून एकदा, जेवणानंतर.

आठ आठवडे, सतराशे बारा अंडी,
सहा रुपये दराने दहा हजार दोनशे बहात्तर.
एकतीस मार्चला, रात्री पावणेबारा वाजता,
कोषागाराची प्रणाली तीनदा बंद पडून चौथ्यांदा उघडली,
तेव्हा देयक पुढे गेलं.

तूट भरून निघाली, असा माझा दावा नाही.
राज्याचा तक्ता रुपये कोटींत असतो.
दशांशचिन्हानंतर दोन घरं,
त्यात माझी अंडी शून्य दिसतात, शून्याच्या पुढे पुन्हा शून्य.
तरी ती तुम्हाला सापडली, साहेब.
पडदे सापडले नाहीत.
फेब्रुवारीत आले, मोरपंखी,
‘अत्यावश्यक’ या शीर्षाखाली.

हसुराम दारातून विचारतात, झाला का लिहून?
नाही अजून.
पहिल्या ओळीत मी तारीख टाकली आहे.
दुसरीत, त्या सात हिमोग्लोबिनवाल्या मुलीचं नाव लिहावं का,
यावर अडले आहे.