मला सांगू नका

पाकीट वरच्या मजल्यावर फुटतं.
आत काय निघालं, दोन तास की सहा,
ते डॉक्टर जाणतात, आई जाणते,
पट्टीखाली घामेजलेला जुईचा चांगला डोळा जाणतो.
मी नाही.
मला माहीत नसणं, याचाच मला पगार मिळतो.

शालिमारला रसवंतीच्या वर आमची खोली.
खाली चरकाचे घुंगरू, वर सहा मीटरवर पेटलेली अक्षरं.
जुई बोडके, वय पाच, मखमलाबाद.
उजवा शहाणा, डावा आळशी.
फाइलीत नाव वेगळं आहे,
पालकांना मात्र हेच चटकन कळतं.
जुईलाही कळलं.
"माझा एक डोळा शाळेत जात नाही," ती भेटेल त्याला सांगते.

आई खुर्चीत टेकता टेकता बोलून जाते,
"ताई, पट्टी काढायची वेळ झाली ना, की ही..."
मी हात वर करते, सीबीएसच्या चौकातल्या पोलिसासारखा.
मला सांगू नका. वेळ नको, तास नको, काहीच नको.
ती ओशाळते,
पदराच्या टोकाने उगाच पुसत राहते
पोरीच्या गालावरचा चिकटीचा लाल चौकोन.
त्यावरूनही मी काही ताडायचं नसतं.

मंगळवारी मोठी माणसं.
पुंडलिक खैरनार, सेहेचाळीस, शहर बसचे कंडक्टर,
निमाणी ते सातपूर.
"तिकीट?" म्हटलं की दोघं खिशात हात घालतात
आणि ज्याला विचारलं तो खिडकीबाहेर बघत बसतो.
हसत सांगतात. वीस वर्षं हसतच सांगतायत.
लग्नातही गॉगल, अल्बमभर.
मी प्रिझमची पट्टी डोळ्यापुढून सरकवत जाते,
तीस, पस्तीस,
चाळीसला बुबुळ हलायचं थांबतं.
मग प्रश्नावली.
तुम्ही बोलता तेव्हा समोरचा मागे वळून बघतो?
कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी.
"नेहमीच्या पुढे काही नाही का?"
मी प्रश्न पुन्हा वाचते, नियमाप्रमाणे, त्याच आवाजात.

ऑपरेशननंतर आठव्या आठवड्याला आले.
काय फरक वाटतो?
"आता एकच जण म्हणतो, सुट्टे नाहीत."

माझं अकरावीत कळलं.
इगतपुरीच्या शाळेत डोळे तपासायला यायचे
तेव्हा मी रांगेत कान उघडे ठेवून उभी राहायचे,
पुढचीने वाचलेली अक्षरं तशीच म्हणायचे, थोडी अडखळून,
खरी वाटावीत म्हणून.
बाबा म्हणायचे, पोरीची नजर घारीची.
तोवर एका डोळ्याने शाळा कधीच सोडली होती.

चाचणीच्या पुस्तकात एक माशी आहे.
काळी, केसाळ, तळहाताएवढी.
तो करडा चष्मा लावला की
तिचे पंख कागदातून वर येतात.
म्हणे.
दिवसातून तीसदा मी विचारते, पंख चिमटीत धर बरं,
आणि बघते चिमूट कुठे मिटते,
कागदावर की हवेत.
माझी कागदावर मिटते. सगळे गेल्यावर
अधूनमधून बघते मी, गॅस बंद आहे का बघतात तसं.

पहिल्या भेटीत जुईनेही कागदच खरवडला होता.
काल, पाचव्या भेटीला, हात पुढे केला
आणि झटकन मागे घेतला. खुर्ची करकरली.
"ई! चावेल!"
खाली चरक थांबला होता, की मलाच ऐकू आला नाही.
आई अर्धी उठली,
"ताई, म्हणजे ते रोजचे..."
माझा हात वर जायला उशीर झाला.
तिनेच जीभ चावली.

मी रकान्यात आकडा लिहिला. नीट, निळ्या शाईत.
जुई अजून हात फ्रॉकमागे लपवून.
"तुला चावते?"
मला नाही चावत गं, म्हटलं, माझ्या जुन्या ओळखीची आहे.
आणि पान उलटलं.
इथे बघ, प्राणी आहेत ओळीने, ससा, मांजर, माकड.
एक जण पुढे आलाय त्यातला.
कोण आलाय, तू सांग.